सामाईक भिंतीतलं भगदाड

घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून, ही म्हण ज्याने केली त्याने आयुष्यात घर विकलेलं नसणार, नाहीतर तो तिथेच थांबला नसता. बांधताना निदान मिस्त्री चुकतो आणि आपण ओरडतो. विकण्याआधीची डागडुजी स्वतः करायला घेतली की चुकायचंही आपणच आणि बोलणीही आपणच खायची.

आमच्यावर ही वेळ आणली पांढुर्ण्याने. आमच्या मध्य प्रदेशात पांढुर्णा नवा जिल्हा झाला, सगळ्यांना आनंद झाला, कचेरीत पेढे वाटले, आणि पेढा गिळायच्या आत माझं टेबल सौंसरहून उचलून पांढुर्ण्याला गेलं. मी सरकारी कचेरीत बाबू आहे. बाईला बाबू म्हणतात का, असं विचारू नका, आमच्याकडे म्हणतात. काही काळ मी बसने अप-डाउन केलं. त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा माझ्या कमरेला नावानिशी ओळखू लागला, तेव्हा ठरवलं की सौंसरचं घर विकायचं आणि पांढुर्ण्यात दोन खोल्या का होईना, घ्यायच्या. नवऱ्याचा संत्र्याचा बगीचा रामाकोन्याकडे आहे. म्हणजे आता अप-डाउन त्यांच्या वाट्याला येणार होतं.

"मले चालते," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या निर्णयावर आमच्या घरात झालेली ही एकूण चर्चा.

घर तसं वाईट नव्हतं. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्यामागे न्हाणी आणि एक सीताफळाचं झाड. पण राहत्या घराचे दोष राहणाऱ्याला दिसत नाहीत, कारण तो ते चुकवून चालायला शिकलेला असतो. पुढचं दार जरा उचलून लावायचं. न्हाणीतला नळ पूर्ण बंद करायचा नाही, केला तर मग उघडत नाही. बैठकीतल्या पंख्याचं बटण दाबल्यावर एक टिचकी मारायची. पाहुणा आला की आम्ही त्याला पाण्याच्या तांब्यासोबत या सूचनाही द्यायचो आणि पाहुणे त्या पाळायचे. गिऱ्हाईक काही पाळणार नव्हतं. त्याला बिनसूचनेचं घर द्यावं लागणार होतं.

मिस्त्री मिळेना. सौंसरातले जेवढे म्हणून मिस्त्री, प्लंबर, पेंटर होते ते सगळे माझ्या टेबलाच्या मागोमाग पांढुर्ण्याला गेले होते. नवा जिल्हा, नव्या कॉलन्या, नवी कामं. एकाला फोन केला तर म्हणाला, "म्याडम, दिवाळीनंतर पाहू." तेव्हा मे महिना होता. दुसरा म्हणाला, "तुमी पांढुर्ण्याले घर घेऊन राहिल्या ना? मंग तिथलंच काम सांगा, लगेच येतो." शेवटी म्हटलं, आपला हात जगन्नाथ. मोबाइलवर बघून बायका केक करतात, मग मला पंख्याचं बटण बदलता येणार नाही?

बदललं. पंखाही फिरला. फक्त पंखा बंद केला की न्हाणीतला दिवा लागायला लागला. मी बटण पुन्हा उघडलं, पुन्हा जोडलं, तेव्हा दिवा बंद झाला आणि पंखाही. मग पुढच्या दाराकडे वळले. दार खाली घासत होतं म्हणून रंधा मागून आणला आणि खालची कड तासायला बसले. तासताना लाकडाचा वास इतका छान येतो की कुठे थांबायचं ते कळत नाही. मी थांबले तेव्हा दाराखालून मांजर आरामात ये-जा करू लागलं होतं.

"उचलून त लावा नाही लागत ना आता?" मी नवऱ्याला म्हटलं.

"नाही लागत," ते म्हणाले. "आता उघडाचीही गरज नाही."

त्यांचं मात्र तसं नव्हतं. त्यांना हस्तकला एकच येते, संत्र्याच्या झाडाची. पण ती इतकी येते की जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना झाडासारखीच दिसते. न्हाणीतला पाइप जोडाशी ठिबकत होता, तो त्यांनी प्लॅस्टिकच्या पट्टीने असा गुंडाळला, जसा कलम करताना खुंटावर डोळा बांधतात. वरून खाली, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून. मी हसले. पाइप मात्र ठिबकायचा थांबला. मग त्यांचा आत्मविश्वास वाढला, आणि पुढचं रामायण त्यातून घडलं.

ते सांगण्याआधी भगदाडाचं सांगायला हवं, कारण खरी दुरुस्ती तीच होती.

आमच्या स्वयंपाकघराची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी तिच्यात पाणी मुरून ओट्याच्या वरच्या विटा भुसभुशीत झाल्या. नवऱ्याने त्या खराब विटा काढल्या आणि म्हणाले, "उद्या नवीन लावतो." तो उद्या काही उजाडला नाही. विटा निघाल्या त्याच दिवशी पलीकडचं स्वयंपाकघर दिसलं, त्यात पोळ्या लाटणारी बाई दिसली, आणि तिने माझ्याकडे न बघता माझ्या कढईकडे बघून सांगितलं, "बाई, जळून राहिली तुही भाजी." भिंतीला भिंत लावून राहत होतो, गेटाशी दिसलो तर हसत होतो, पण आमची खरी ओळख त्या जळक्या भाजीपासून झाली. पुढे नवऱ्याने संत्र्याच्या पेटीच्या फळ्या ठोकून भगदाडाला चौकट केली. चौकट बसली की भोकाची खिडकी होते.

पलीकडच्या त्या बाईंना मी ताई म्हणते. अंगणवाडीत सारी नोकरी गेली, तिथूनच रिटायर झाल्या. घर बौद्धांचं, गच्चीवर पंचशील ध्वज, सकाळी वंदनेचा आवाज माझ्या कुकरच्या शिट्टीआधी येतो. यजमान गेले, मुलगा भोपाळला, आणि गुडघे असे की गेटातून निघून गल्ली वळून यायचं तर त्यांना वाटेत दोनदा टेकावं लागतं. पण स्वयंपाकघरात त्या उभ्या राहिल्या की खिडकी बरोबर त्यांच्या तोंडासमोर येते. सकाळी माझा चहा तिकडे जायचा. दुपारी त्यांची अंबाडीची भाजी नाहीतर पातोडीचा रस्सा इकडे यायचा. वाटी रिकामी परत जायची नाही, मग त्यात दोन हिरव्या मिरच्या का असेनात.

सुरुवातीला गल्लीतल्या एका हळदीकुंकवाला एका बाईने मला आवाज बारीक करून विचारलं होतं, "तुमी त्याहीच्या घरचं खाता?"

"खातो ना," मी मोठ्याने म्हटलं. "मीठ बराबर असते."

पुढच्या वर्षी मला त्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मला त्याचं फारसं दुःख झालं नाही, वाणात प्लॅस्टिकची चाळणीच देत.

तर घर विकायचं ठरल्यावर माझा जीव अडकला तो या खिडकीत. भिंती, दारं, स्लॅब, कशाचंच काही वाटलं नाही. पण ताईंचा सगळा दिवस त्या खिडकीशी उभा होता. सकाळी पहिला शब्द तिथे, औषध घेतलं का ते तिथे, भोपाळहून फोन आला की नाही ते तिथे. माझ्या जागी जी कोण येईल, तिने खिडकी बुजवली तर? नाही बुजवली आणि तोंड फिरवलं तर? मी नवऱ्याला सांगून टाकलं की जो खिडकी ठेवेल त्यालाच घर द्यायचं.

"घर विकून राहिलो का पोरगी देऊन राहिलो?" ते म्हणाले.

"एकच समजा."

त्यावर ते गप्प बसले, आणि गप्प बसलेला माणूस काहीतरी करायला घेतो. घराच्या बाहेरच्या भिंतीला जमिनीपासून कमरेइतकी ओल चढली होती, लोणा लागून पोपडे निघत होते. गिऱ्हाईक आलं की आधी तेच पाहणार. मी म्हटलं, खरवडून पुट्टी लावू, वर रंग देऊ. रविवारी करू. शनिवारी मी कचेरीतून आले तर घर निळं.

सगळं नव्हे. जमिनीपासून कमरेपर्यंत, तिन्ही मोकळ्या बाजूंनी, फिक्कं निळं.

आमच्या भागात हा निळा रंग कुणालाही ओळखू येतो. पावसाळ्याआधी संत्र्याच्या झाडांना डिंक्या लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना कालवून बुंध्याला फासतात, ती ही बोर्डो पेस्ट. बगीच्यात त्या दिवसांत रांगेने निळे मोजे घातलेली झाडं उभी असतात. आणि आता आमचं घरही उभं होतं.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"झाडाच्या बुडाले डिंक्या लागते त आपन काय लावतो? बोर्डो," ते शांतपणे म्हणाले. "मंग भिंतीच्या बुडाले ओल लागली त काऊन नाही?"

"झाड आन् भिंत एक हाय का?"

"दोनीही उभेच राह्यते."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तरी मी घातला. खिडकीतून ताईंचा आवाज आला, "जाऊ दे, बाई. तुह्या घराले यंदा संत्र्याचा बार चांगला येईन."

मी दुसऱ्या दिवशी त्यावर चुन्याचे हात मारले. निळं वर आलं. पुन्हा मारले, पुन्हा वर आलं. शेवटी हार मानली आणि दुकानातून त्याच्याशी मिळता निळा रंग आणून उरलेलं घरही रंगवून टाकलं, म्हणजे निदान ठरवून केल्यासारखं दिसेल. मी, एक दांडीला बांधलेला ब्रश, आणि डोक्याला नवऱ्याचा गमछा. गल्लीतली पोरं थांबून बघत होती. खरं सांगते, मजा आली. कचेरीत दिवसभर काम करून संध्याकाळी काय केलं ते दाखवता येत नाही. इथे भिंतभर दाखवता येत होतं. आणि रंग सुकल्यावर घर सुरेख दिसू लागलं, हेही नाइलाजाने कबूल करावं लागलं.

त्या निळ्याने पुढे काय होणार हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक बोरगावकडचं. नवरा तिथल्या कारखान्यात, बायको गोरीपान, बोलायला गोड. नवऱ्याने भिंतींवर बोटं वाजवून पाहिली, नळ सोडून पाहिले, गच्चीवर जाऊन टाचा आपटल्या आणि खूश होऊन खाली आला. बायको अंगणातच उभी होती. एकदा आमच्या निळ्या भिंतीकडे बघायची, एकदा शेजारच्या गच्चीवरच्या ध्वजाकडे.

"निळा काऊन देल्ला रंग?" तिने विचारलं.

"बोर्डो हाय ते," माझे यजमान पुढे झाले आणि त्यांनी तिला डिंक्या रोगाविषयी सविस्तर सांगितलं. बुरशी कशी लागते, साल कशी फाटते, डिंक कसा वाहतो. ती बिचारी मान हलवत राहिली आणि ते थांबल्यावर म्हणाली, "आडनाव का म्हनलं तुमचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नवऱ्याच्या नाहीच पडला, त्यांनी आडनाव सांगितलं, गाव सांगितलं, मामाकडचं गावही सांगितलं. ते ऐकून तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो मोकळा झालेला चेहरा बघून माझा राग पायापासून चढायला लागला, पण म्हटलं, गिऱ्हाईक आहे, धीर धर. तिला स्वयंपाकघर दाखवायला नेलं. पलीकडे ताई उभ्या राहून वांगी चिरत होत्या.

"हे काय?"

"खिडकी."

"पलीकडे कोन राह्यते?"

"ताई राह्यते."

"म्हंजे कोन?"

"म्हंजे ह्या," मी म्हटलं. ताईंनी मान वर करून हात जोडले. तिनेही जोडले, अर्धे. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "हे बुजवून देसान ना?"

"काऊन?"

"तसंच. चोरचिलट..."

"इतून माही कढई नाही जात. चोर आला त त्याले आधी महिनाभर उपाशी ठेवा लागन."

ती हसली नाही. म्हणाली, "तसं नाही. माही सासू येते राहाले. त्याहीले नाही चालनार."

चोराच्या आडून सासूबाई निघाल्या म्हणायच्या. मी म्हटलं, खिडकी घरासोबत आहे. घर घ्याल तर खिडकी घ्यावी लागेल, आणि खिडकी घ्याल तर पलीकडची वाटीही. ती नवऱ्याकडे बघू लागली, नवरा छताकडे. दोघं चहा न घेता गेले.

"गिऱ्हाईक चांगलं होतं," माझे यजमान गेटाशी उभे राहून म्हणाले.

"घरही चांगलं हाय. आपन काय कमी हाव का?"

ते बोर्डोचा रिकामा डबा उचलून बगीच्याकडे निघून गेले. अंगण झाडून झाल्यावर मी स्वयंपाकघरात आले. ताईंनी सगळं ऐकलं होतं, त्या भिंतीला काही लपवता येत नाही. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी वांग्याच्या भाजीची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "तिखट जरा जास्त झालं, पाह्यजो." बस. मी ती भाजी नुसती खाल्ली, पोळीशिवाय, आणि तिखटाच्या नावाखाली डोळे पुसून घेतले.

दुसरं गिऱ्हाईक पावसाळा लागल्यावर आलं. तरुण जोडपं, तो सौंसरच्या शाळेत मास्तर, ती घरीच शिलाई करायची. त्याने विचारलेला पहिला प्रश्न, "ओल येते का?" खरं उत्तर द्यायला मला लाज वाटत होती, पण हात लावून पाहिला तर भिंत कोरडी होती. अजूनही कोरडी आहे असं कळतं. मोरचुदाने का माझ्या रंगाने, यावर आमच्या घरात आजही दोन मतं आहेत आणि नवऱ्याचं चुकीचं आहे.

ती पोरगी स्वयंपाकघरात आली, खिडकी पाहिली, आणि काही न विचारता तिने त्यातून डोकंच पलीकडे घातलं.

"आजी, का करून राहिल्या?"

"कढी," ताई म्हणाल्या.

"मले द्यान का?"

ताईंनी तिला पळीभर कढी हातावर दिली. तिने भुरकली, हात साडीला पुसला आणि नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "अवो, हे खिडकी राहू देजा बरं." मला तिला तिथेच कवटाळावंसं वाटलं. सौदा ठरला, मास्तरने बयाना दिला. मला वाटलं, मी काय बाई आहे! घर विकलं आणि ताईंचीही सोय लावली. एका दगडात दोन पक्षी. ती दोघं गेल्यावर मी खिडकीशी आले ती अशी की जणू मीच जिल्हा केला होता.

"झालं, ताई. खिडकी राह्यली."

ताई कढीला फोडणी देत होत्या. फोडणी देऊन झाली, गॅस बंद केला, मग म्हणाल्या, "बुजवून घे, बाई."

मला कळेना. मी म्हटलं, त्या बोरगावच्या बाईचं मनावर घेऊ नका, ही पोरगी तशी नाही.

"नाही ना तशी. चांगली हाय. म्हून त म्हनून राहिली. वाईट असती त म्या माह्याकडून पडदा लावला असता आन् मोकळी झाली असती. चांगली हाय, मंग ते रोज बोलन. रोज वाटी देईन. आन् तुह्या जागी मी रोज तिले पाहीन." त्यांनी कढीवर झाकण ठेवलं. "मले नाही पाह्याचं."

"आन् तुमचं कसं होईन?"

"का होईन? ते पोरगी याची असन त गेटातून येईन. तिले काही अडवलं हाय का? तू जाऊन राहिली त नीट जाय. अर्धी इथं नको ठेवू."

मी दोन दिवस भांडले. मास्तरला शब्द दिला आहे म्हटलं, पावसात सिमेंट ओढत नाही म्हटलं, विटा मिळत नाहीत म्हटलं. ताई म्हणाल्या, "त्या पोरीले मी सांगीन. आन् तुह्या घरामांगं सीताफळाखाली पडून हाय त्या का हाय?" त्या विटाच होत्या. नवऱ्याने तेव्हा आणून ठेवलेल्या, उद्या लावायच्या. मी नवऱ्याकडे आशेने पाहिलं, हा माणूस नेहमीसारखं उद्या म्हणेल म्हणून. ते म्हणाले, "ताई म्हनते त लावून टाक," आणि विटा धुऊन, पाण्यात भिजवून, घमेल्यात मसाला कालवून देऊन बगीच्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं काम वेळेवर केलं, तेही नको तेव्हा.

भिंत आम्ही दोघींनी बांधली. इकडून मी थापी घेऊन, तिकडून ताई उलथनं घेऊन. फळ्यांची चौकट काढली आणि मी पहिला थर लावला.

"वाकडा हाय," ताई म्हणाल्या.

"तुमच्याकडून दिसत असन वाकडा."

"माह्याकडून पाह्यनारी मीच हाय ना. काढ."

काढला, पुन्हा लावला. त्या उलथन्याने सांध्यातला मसाला आत दाबायच्या, जास्तीचा काढून माझ्याकडे परत टाकायच्या. मी वीट मागेपुढे ठोकली की त्या पलीकडून तळहाताने आधार द्यायच्या. माझ्या दारापेक्षा, बटणापेक्षा, सगळ्या दुरुस्तीत सरळ झालेलं काम हेच. मध्ये एकदा बसून दोघींनी पाणी प्यायलं, आपापल्या बाजूला. बोलत मात्र सारखं होतो. पांढुर्ण्याला संत्री स्वस्त की सौंसरला, मास्तरणीचं ब्लाउज शिवणं कसं असेल, त्यांच्या मुलाने नवीन घेतलेला फ्रिज किती मोठा आहे. थर चढत गेला तसे आधी त्यांचे हात दिसेनासे झाले, मग हनुवटी, मग चष्मा. मग पांढरे केस आणि आवाज उरला.

शेवटच्या विटेची जागा राहिली तेव्हा मला काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी विचारलं, "ताई, सकाळच्या चहाचं का करसान?"

"करीन ना माहा मी. फिक्का."

"फिक्का?"

"मले पह्यल्यापासून फिक्काच आवडते. तू साखर लय टाकतं, बाई."

मी हातातली वीट घमेल्यात ठेवली. इतकी वर्षं रोज सकाळी माझा चहा त्या खिडकीतून गेला होता, आणि कप रोज रिकामा परत आला होता. मला रागच आला. "आन् सांगतलं काऊन नाही? येवढं सांगाले का झालं होतं? साखर टाकाच्या आधी तुमचा काढून ठेवला असता."

"तेच," पलीकडून आवाज आला. "सांगतलं असतं त तू माहा वेगळा मांडला असता." उलथनं सांध्यावरून एकदा फिरलं. "मले वेगळा नोता पाह्यजे."

मी रडले, सरळ रडले, हात मसाल्याने भरलेले असल्यामुळे डोळेही पुसता येईनात. पलीकडे ताई वाट बघत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लाव आता. मसाला सुकून राहिला."

मी वीट लावली. त्यांनी पलीकडून आधार दिला, तो मला हाताला कळला.

संध्याकाळी नवरा बगीच्यातून आले तोवर मी हात धुऊन चहा ठेवला होता. तिघांचा, एकाच पातेल्यात. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर भुलली का?"

"नाही," मी म्हटलं. "आज साऱ्याहीचा एकच मांडला," आणि ताईंचा कप पदराखाली धरून, चपला घालून, गेटातून बाहेर पडले.